मनाने आणलेली वार्ता

मनात येणाऱ्या प्रत्येक विचाराला माणूस जबाबदार असतो काय? निराशेचा विचार आला म्हणजे ईमान कमकुवत झाले काय? अनेक श्रद्धावंत कुटुंबांत हा प्रश्न उघडपणे विचारला जात नाही. त्याचे ओझे मात्र वाहिले जाते.

चाकण, म्हाळुंगे, तळवडे, भोसरी या औद्योगिक पट्ट्यात त्याची झळ विशेष जाणवते. मराठवाड्यातून आयटीआय करून आलेला तरुण कंत्राटी कामावर लागतो. कराराची मुदत संपते, ‘ब्रेक’ मिळतो, गेटपास बंद होतो. घटना एवढीच. परंतु खोलीवर पोहोचेपर्यंत मन तिला तीन निष्कर्ष जोडते : मी नालायक आहे, आता कुठेच काम मिळणार नाही, अल्लाह माझ्यावर नाराज आहे. मग तो घरी फोन करणे टाळतो, जमाअत सोडतो, दुसरीकडे अर्जही करीत नाही.

पवित्र कुरआनच्या सूरह अल-हुजुरातमध्ये सहावी आयत बेभरवशाच्या माणसाने आणलेल्या बातमीची शहानिशा करण्यास सांगते, तर बारावी आयत पुष्कळशा गुमानांपासून दूर राहण्यास सांगते. इतरांच्या बाबतीत हा दंडक आपण जाणतो. मग थकलेले मन स्वतःविषयी आणि पालनकर्त्याविषयी जी वार्ता आणते, ती चौकशीविना खरी का मानावी? केवळ विचार मनात आला म्हणून कोणी दोषी ठरत नाही. अंतःकरणातील कुजबुज जोवर बोलण्यात वा कृतीत उतरत नाही, तोवर अल्लाहने ती या उम्मतला माफ केली आहे, असा आदरणीय पैगंबर (स.) यांच्या वचनाचा आशय बुखारी व मुस्लिम या संग्रहांत आहे. आपले काम आहे ते आलेला विचार तपासण्याचे.

ही तपासणी शिकवणाऱ्या उपचाराला बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजेच सीबीटी, म्हणतात. 1960 च्या दशकात अमेरिकेत ॲरन बेक यांनी त्याची मांडणी केली. त्याच कुळातील अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली. मात्र या विचाराचे मूळ आपल्या परंपरेलाही अनोळखी नाही. इ.स. 934 मध्ये निधन पावलेले अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर व मन यांच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. घरात औषधे आधीच आणून ठेवतात, तसे मन शांत असताना हितकर विचार जमवून ठेवावेत, असा त्यांचा सल्ला आहे.

कृती साधी आहे. वहीत एका बाजूस घडले ते लिहावे, दुसऱ्या बाजूस मनाने काढलेला निष्कर्ष. मग त्याच्या बाजूचे व विरुद्धचे पुरावे. ‘मी नालायक’ म्हणावे, तर इतके महिने मशीन कोणी चालवले? ‘कुठेच काम नाही’ म्हणावे, तर अर्ज किती ठिकाणी केले? ‘अल्लाह नाराज’ या निष्कर्षाचे उत्तर तर सूरह अल-फज्रच्या 15 ते 17 या आयतींतच आहे. रोजी वाढली की सन्मान झाला आणि आखडली की अपमान झाला, ही माणसाची समजूत तेथे स्पष्टपणे नाकारली आहे. शेवटी एक लहान पाऊल उचलावे : फज्रला मशिदीत जाणे, एक अर्ज करणे, घरी एक फोन करणे.

येथे एक आक्षेप योग्य आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये चिखली-कुदळवाडीत महापालिकेच्या कारवाईत हजारो शेड व गोदामे जमीनदोस्त झाली. ज्याची रोजी त्या ढिगाऱ्याखाली गेली, त्याला ‘विचार बदला’ असे सांगणे क्रूरपणाचे ठरेल. शहानिशा केल्यावर वार्ता खरी निघू शकते. तेव्हा दाद मागावी, मदत उभारावी, शोकही करावा. ह. याकूब (अ.) यांचे डोळे पुत्रशोकाने पांढरे पडले, तरीही त्यांनी मुलांना अल्लाहच्या कृपेविषयी निराश न होण्यास सांगितले. दुःख आणि आशा एकाच अंतःकरणात नांदू शकतात.

झोप, भूक हरपली असेल वा जीव नकोसा वाटत असेल, तर केवळ वहीवर विसंबू नये. मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे, ‘टेली-मानस’ची 14416 ही शासकीय सेवा विनामूल्य आहे. उपचार घेणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही.

आणि गावाकडच्या आई-वडिलांनी मुलाला ‘तुझे ईमानच कच्चे’ असे ऐकवण्याआधी दोन प्रश्न विचारावेत : बेटा, नेमके घडले काय? आणि तुझे मन तुला काय सांगत आहे?