न केलेल्या कर्माचा हिशेब

"फोन नुसता पडून असतो हो. कुणी हातसुद्धा लावत नाही, तरी चार्जिंग उतरतंय." जयसिंगपुरात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे वाक्य वरचेवर ऐकावं लागतं. स्क्रीन फुटली, पाणी गेलं, या तक्रारी सरळ असतात. या तक्रारीत मात्र अन्याय झाल्याचा सूर असतो. वापरलं तर संपेल, हे माणसाला मान्य असतं. न वापरता संपतं, हे त्याच्या मनाला पटत नाही.

आम्ही जैन. हाच प्रश्न मी घरात लहानपणापासून वेगळ्या रूपात ऐकला आहे. जे मी केलंच नाही, त्याचं कर्म मला कसं लागेल? उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात आठव्या अध्यायाच्या आरंभीच बंधाची पाच कारणं दिली आहेत: मिथ्यादर्शन, अविरती, प्रमाद, कषाय आणि योग. बाकीची चार समजायला फारशी अडचण येत नाही. चुकीची दृष्टी, गाफीलपणा, राग-लोभ, मन-वाणी-कायेची हालचाल, ही कुठल्याही धर्मातल्या माणसाला ओळखीची आहेत. अडतं ते अविरतीपाशी. अविरती म्हणजे पाप करणं नव्हे. पाप सोडलेलं नसणं, एवढीच ती स्थिती. आज मी कुणाला मारलं नाही, खोटं बोललो नाही, पण तसं न करण्याचा नियमही घेतलेला नाही. तर आस्रव चालू आहे, कर्म आत येतच आहे.

माझी आजी रोज सकाळी नियम घ्यायची. आज एवढेच पदार्थ, एवढीच वस्त्रं, गावाच्या वेशीबाहेर जाणं नाही, उद्या सूर्योदयापर्यंत. गुडघ्यांनी जिला मंदिरापर्यंतसुद्धा नीट जाऊ दिलं नसतं, ती वेशीबाहेर न जाण्याचा नियम घ्यायची, याचं मला नवल वाटायचं. एकदा विचारलं, "आजी, तू तशीही जाणार नव्हतीस, मग सोडलंस काय?" ती म्हणाली, "जाणार नव्हते, पण जायची वाट उघडी होती की रे." त्या वयात मला हे शब्दांचे खेळ वाटले. आता दुकानातल्या टेबलावर मी तेच रोज मोजतो.

फोनची बॅटरी काढून तो डीसी सप्लायवर लावला की किती करंट ओढतोय ते आकड्यात दिसतं. स्क्रीन बंद केली आणि फोन खरोखर झोपला, की आकडा पाच-दहा मिलिअँपिअरच्या आसपास येतो. मधूनच उडी मारतो, पुन्हा बसतो. ती उडी रास्त आहे: कुणाचा कॉल आहे का हे ऐकायला फोन सेकंद-सव्वा सेकंदाने टॉवरकडे कान देतो आणि पुन्हा झोपतो. पण काही फोनांत स्क्रीन काळी असते आणि आकडा शंभराच्या घरातून खाली येतच नाही. 5000 मिलिअँपिअर-तासाची बॅटरी धरा. दहाच्या हिशेबाने रात्रीच्या आठ तासांत 80 जातील, दोन टक्क्यांहूनही कमी. शंभराच्या हिशेबाने 800 जातील, म्हणजे 16 टक्के. दोन्ही फोन उशाशी सारखेच पडलेले असतात, दोघांनीही रात्रभर काही केलेलं नसतं.

फरक कुठे असतो ते मी गिऱ्हाइकाला सेटिंगमध्ये दाखवतो. लोकेशनची परवानगी 'नेहमी' अशी दिलेली ॲप्स. बॅकग्राउंडला चालायची मुभा असलेली खरेदीची, बातम्यांची, खेळांची ॲप्स. वाय-फाय बंद केलं तरी आसपासची नेटवर्कं शोधत राहणारं स्कॅनिंग. त्याचं बटण लोकेशनच्या सेटिंगमध्ये आत दडलेलं असतं, म्हणून कुणाला सापडत नाही. यातलं काहीही त्या रात्री मालकाने केलेलं नसतं. त्याने फक्त कधीतरी हो म्हटलेलं असतं आणि ते हो परत घेतलेलं नसतं. अविरतीचं याहून उघड रूप मी पाहिलेलं नाही.

लोक काय करतात? अलीकडची ॲप्स उघडतात आणि एकेक वर ढकलून बंद करतात. दिवसातून कितीदा तरी. त्याने समाधान मिळतं, बॅटरी वाचत नाही. परवानगी शाबूत असल्याने ते ॲप थोड्या वेळाने पुन्हा उठतं, आणि पहिल्यापासून सुरू व्हायला उलट जास्त खातं. घडलेल्या प्रत्येक चुकीबद्दल रोज हळहळायचं आणि चुकीची वाट मात्र बंद करायची नाही, असं आपण मनाच्या बाबतीतही करतो. म्हणूनच आमच्या परंपरेत मागच्यासाठी प्रतिक्रमण आणि पुढच्यासाठी प्रत्याख्यान अशी दोन वेगळी आवश्यकं ठेवली आहेत. पहिलं मनाला हलकं करतं. दुसरं अवघड, कारण त्यात काहीतरी खरंच हातचं जातं.

शेजारच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर फोन दाखवायला आले, तेव्हा यावर आमचं बराच वेळ बोलणं झालं. ते गीता नित्य वाचणारे. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, मी आयुष्यात विमानात बसलो नाही. समुद्रापलीकडचं काही पाहिलं नाही. नियम घेतला नाही म्हणून तिकडच्या सगळ्या पापाला मी भागीदार? हा कुठला न्याय?"

आक्षेप खरा आहे, आणि तो मी झटकून टाकणार नाही. कर्म म्हणजे शिक्षा असं धरलं तर अविरतीचा सिद्धांत क्रूर ठरतो. पण जैन दर्शनात शिक्षा देणारा कुणी नाहीच. सृष्टीचा कर्ता नाही, निवाडा करणारा नाही. कर्म हे पुद्गल आहे, सूक्ष्म द्रव्य. ते आत्म्याशी बांधलं जातं ते कारण हजर असल्यामुळे. बॅटरीसुद्धा कुणाच्या नाराजीने उतरत नाही, मार्ग मोकळा असेल तर करंट वाहतो. मी मास्तरांना म्हटलं, "सर, तिकडचं पाप तुमच्या खात्यावर कुणी लिहीत नाही. तुमच्यात जी ओढ अजून मोकळी आहे, तिच्यापुरतंच येतं." त्यावर ते म्हणाले, "मग ओढच नसेल तर नियम कशाला?" या प्रश्नाचं पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. ओढ नाही, हे आपल्याला कळतं कसं, एवढंच मी विचारू शकलो. संधी आलेली नसते तेव्हा ओढ झोपलेली असते, आणि झोपलेली ओढ नसल्यासारखीच वाटते.

इथे मला कुंभोजच्या बाहुबलींची आठवण येते. आमच्यापासून जवळच, डोंगराच्या पायथ्याशी 28 फुटी संगमरवरी मूर्ती आहे, 1963 साली प्रतिष्ठापना झालेली. पायांवर चढलेल्या वेली पाहून यात्रेकरू त्या निश्चलतेपुढे हात जोडतात. कथा मात्र अधिक कठोर आहे. भावाला, भरताला, जिंकून बाहुबलींनी सगळं सोडलं आणि वर्षभर कायोत्सर्गात उभे राहिले; शरीर हललं नाही, तरी केवलज्ञान होईना. आमच्या दिगंबर परंपरेत सांगतात की मनात एक शल्य राहिलं होतं: उभा आहे ती जमीन भरताची. श्वेतांबर कथेत शल्य वेगळं आहे, धाकट्या भावांना वंदन करावं लागेल हा मान. दोन्हीकडे गोष्ट एकच, देह थांबला होता आणि आत एक धागा चालू होता. आमच्या कथेत भरत येऊन नमला तेव्हा तो तुटला. फोनमध्ये याला वेकलॉक म्हणतात. एखादं ॲप सिस्टिमला सांगून ठेवतं, माझं काम व्हायचंय, झोपू नकोस. स्क्रीन काळी राहते आणि प्रोसेसर जागा. ही अविरती नव्हे, हे नीट सांगायला हवं. बाहुबलींनी मुनीची महाव्रतं घेतली होती, वाटा बंद होत्या. उरला होता तो कषायाचा अंश. तो सेटिंगच्या यादीत दिसत नाही, शोधून काढावा लागतो.

गृहस्थाला सगळं बंद करता येत नाही, आणि शास्त्रही ते मागत नाही. 2015 साली अँड्रॉइड 6 मध्ये डोझ आलं: फोन न हलता पडून असेल तर ॲप्सची कामं तात्पुरती अडवायची, मध्ये थोडा वेळ वाट द्यायची, आणि त्या वेळा हळूहळू लांब लांब टाकायच्या. तातडीच्या निरोपाला मात्र मुभा. मला यात सामायिक दिसतं. दोन घटिका, 48 मिनिटं, सगळ्या सावद्य, म्हणजे सदोष, कर्मांतून निवृत्त व्हायचं. मग पुन्हा दुकान, संसार, उधारी. रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्र सामायिकात बसलेल्या गृहस्थाला अंगावर कुणी वस्त्र टाकलेल्या मुनीची उपमा देतात. तेच आचार्य दिग्व्रताबद्दल सांगतात की आखून घेतलेल्या मर्यादेच्या बाहेर त्या गृहस्थाची अणुव्रतं महाव्रतांसारखी होतात, कारण तिथलं सूक्ष्म पापसुद्धा त्याने सोडलेलं असतं. आजीच्या वेशीचा अर्थ मला या जागी लागला. वेशीच्या आत ती चूल-भांड्यातली गृहिणी होती. वेशीबाहेरच्या सगळ्या जगापुरती ती साध्वी होती.

मास्तरांचा फोन पत्र्याच्या खोलीत असतो. रेंज कमी, त्यामुळे तो रात्रभर टॉवर शोधत जास्त जोराने बोलत राहायचा. निम्मं उतरणं त्यातच होतं. घरातल्या वाय-फायवरून कॉल चालू करून दिला आणि फोन खिडकीपाशी ठेवायला सांगितला. मग परवानग्यांच्या यादीपाशी आलो. ते चष्मा लावून एकेक नाव वाचत होते. "हे मी कधी दिलं?" असं त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, आणि बहुतेक ठिकाणी खरं उत्तर होतं, दिलं नाहीत, फोन घेतला तेव्हापासून तसंच होतं. तेव्हा ते थांबले. "मग यात माझा दोष काय?" मी म्हटलं, "दोष नाहीच, सर. आमच्याकडे जीव आणि कर्माचा संबंध अनादी मानतात. सुरुवात कुणी केली हे विचारून काही हाती लागत नाही. पण बंद करायचं बटण दुसऱ्या कुणाच्या हातात नाही."

त्यांनी लोकेशन नकाशापुरतं ठेवलं, तेही वापरतानाच. बातम्या बंद केल्या, खेळ काढून टाकला, तो नातवाने टाकलेला होता. मुलगा बाहेरगावी असतो, त्याच्या निरोपाचं ॲप रात्रीही चालू राहू दे म्हणाले. मी राहू दिलं.