वल्हांडणाची कडू भाजी

(शास्त्रवाचन : निर्गम, अध्याय १२, अनुवाद, अध्याय २६, वचने १ ते ११.)

वल्हांडण सणाचे नाव निघाले म्हणजे आपल्या मनापुढे प्रथम कोकरू उभे राहते, आणि ते योग्यच आहे. अबीब महिन्याच्या दहाव्या दिवशी निवडून ठेवलेले ते एक वर्षाचे निर्दोष कोकरू, चौदाव्या दिवशी संध्याकाळी झालेला त्याचा वध, एजोबाच्या जुडीने दाराच्या दोन्ही बाह्यांस व कपाळपट्टीस लाविलेले रक्त, आणि ते रक्त पाहून नाशाचे त्या घरास ओलांडून जाणे, हे सर्व आपण अनेक वेळा ऐकले आहे. प्रेषित पौलाने ख्रिस्तालाच आपला वल्हांडण म्हटले आहे, व त्यावर आपल्या उपदेशकांनी पुष्कळ प्रवचने केली आहेत. परंतु त्या रात्रीच्या भोजनात आणखी एक पदार्थ होता. भाजलेल्या मांसाबरोबर बेखमीर भाकर व कडू भाजी खावी, अशी देवाची आज्ञा होती. त्या कडू भाजीविषयी आज आम्ही लिहीत आहो.

आपल्या देशी पाडव्यास कडुनिंबाचा पाला खातात, तो बहुधा आरोग्यासाठी. इस्राएलाच्या ह्या भाजीचे कारण निराळे आहे. निर्गमाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे की, मिसरी लोकांनी चिखलाच्या, विटांच्या व शेतातील वेठीने त्या लोकांचे जिणे कडू करून टाकिले होते. यहूदी शास्त्र्यांनीही भाजीचा हाच अर्थ धरिला असून तो मिश्ना नामक त्यांच्या जुन्या नियमसंग्रहात नमूद आहे. जिभेने तो कडूपणा पुन्हा चाखावा, म्हणजे कोठून सुटलो हे विसरता येणार नाही.

ह्यात नवल किती आहे ते पाहा. राष्ट्रे आपल्या कुळाची कथा सांगू लागली म्हणजे राजांपासून, शूरांपासून, कित्येक तर सूर्यचंद्रापासून आरंभ करितात. इस्राएल मात्र आपल्या सर्वांत मोठ्या सणाच्या ताटात आपली गुलामगिरी वाढून घेतो. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात तर शेतकऱ्याने पहिल्या पिकाची टोपली देवापुढे ठेवून काय बोलावे तेही शिकविले आहे. आपला पूर्वज घरदार नसलेला अरामी होता, तो थोडक्या माणसांनिशी मिसरात जाऊन उपरा म्हणून राहिला, तेथे आमचे हाल झाले, आम्ही आरोळी केली व परमेश्वराने ती ऐकिली, असे त्याने याजकासमोर मोठ्याने म्हणावे. टोपली भरलेली आहे, शेत स्वतःचे आहे, तरी तोंडी बोल उपऱ्याचे आहेत. आणि याकोबाचे घराणे मिसराकडे वळले ते कशामुळे? कनान देशात दुष्काळ पडला व घरात धान्य उरले नाही, म्हणून.

हे वाचताना आम्हांस आपल्या मंडळ्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. १८७६ ते १८७८ चा व पुन्हा १८९९-१९०० चा दुष्काळ दख्खनवर आला, तेव्हा व त्यानंतरच्या वर्षांत अहमदनगर जिल्ह्यात व इतरत्र पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती मंडळीत आली. त्यांतील बहुतेक गावकुसाबाहेर राहणारी, वेठीस राबणारी होती. शेजारी त्यांस दुष्काळी ख्रिस्ती म्हणून हिणवीत. त्या टोमण्याचा परिणाम असा की, शिकलेली पुढची पिढी पुष्कळ घरी हा इतिहास झाकून ठेविते. म्हातारी आजी नातवंडांस सांगू लागली की आम्ही काय खाऊन दिवस काढिले, कोणाच्या दारी उभे राहिलो, कोणी आम्हांस विहिरीवरून हाकलिले, तर मुलगा तिला म्हणतो, "आई, पाहुण्यांदेखत हे नको."

त्या मुलाच्या मनाचे दुःख आम्ही जाणतो. परंतु आजीला गप्प केल्याने त्या घरची कडू भाजी ताटातून निघून जाते. मग कोकरू कशासाठी वधिले, हे नातवास कळावे कसे? भुकेने आलेला प्रत्येक मनुष्य शुद्ध हेतूने आला, असे आमचे म्हणणे नाही. मिसरातून निघालेल्या इस्राएलाबरोबरही मिश्र समुदाय होता, असे शास्त्र सरळ सांगते. देवाने त्यांस वाटेवर घेतले व वाटेवर शिकविले.

दुसऱ्या प्रकारे आठवण करणारेही होते. रानात त्यांना मासे, काकड्या, खरबुजे, कांदे व लसूण आठवली. चाबूक आठवला नाही. ह्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. गणना, अध्याय ११, ज्याने त्याने घरी वाचावा.

आठवण घरात कशी टिकते ह्याचे एक उदाहरण आपल्या कोकणातच आहे. बेने इस्राएल लोक अलिबागेच्या आसपासच्या गावांतून शेकडो वर्षे मराठी बोलत राहिले. ते तेल गाळीत व शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांस शनिवार तेली म्हणत. इब्री भाषेचे ज्ञान त्यांच्यात जवळजवळ लोपले होते, तरी शब्बाथ, सुंता व काही सण त्यांनी सोडिले नाहीत. पुढे १८७४ साली वल्हांडणाच्या रात्री वाचावयाचे हग्गादा नामक पुस्तक पुण्यात इब्री व मराठीत छापले गेले. त्यातील चित्रांत लुगडे नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करीत आहेत. फारोच्या विटांची कथा अशी मराठी घरात मराठी मुलांस सांगितली गेली.

प्रभु येशूने धरला जाण्याच्या रात्री माडीवरच्या खोलीत शिष्यांसह जे भोजन केले ते ह्याच सणाचे, असे लूक लिहितो. तेथे त्याने भाकर मोडून आपल्या स्मरणार्थ हे करीत जाण्यास सांगितले. हे त्याने वधस्तंभापूर्वी सांगितले, हे ध्यानात घ्यावे. मिसरातही तसेच झाले होते. पाऊल बाहेर पडण्यापूर्वीच स्मरणाची आज्ञा झाली, आणि मुले विचारतील तेव्हा काय उत्तर द्यावे तेही त्याच वेळी ठरविले गेले. लेकरांचा प्रश्न देवाने आधीच ऐकला होता.

म्हणून खेड्यातील उपदेशकबंधूंस आमची विनंती आहे. पुण्यगुरुवारच्या प्रभुभोजनापूर्वीच्या आठवड्यात घरोघरी जाऊन वडील माणसांस बोलते करावे. देवाने त्यांस कोणत्या दास्यातून काढिले ते मुलांसमक्ष विचारावे. भूक, वेठ, दारू, देवऋषीचे भय, सावकाराचे खत, जे खरे असेल ते. शेवटी त्यांनी ख्रिस्ताच्या पापक्षमेची गोष्ट आपल्याच शब्दांत सांगावी. उपदेशकाने मध्ये बोलू नये. (आमच्या उपदेशकांस हे जड जाईल, हे आम्ही जाणून आहो.)

आणखी एक गोष्ट. तू मिसरात दास होतास, ही आठवण मोशेने अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात फार व्यवहारी ठिकाणी घातली आहे. इब्री चाकर सहा वर्षे राबून सातव्या वर्षी मोकळा झाला म्हणजे त्यास रिकाम्या हाती घालवू नये. कळपातून, खळ्यातून व द्राक्षकुंडातून त्यास उदार हाताने द्यावे. आपल्यापैकी काही कुटुंबांची आता जमीन आहे, व काहींच्या घरी सालदारही आहे. पाडव्यास अथवा अखजीस त्याचे साल संपते, आणि वल्हांडणाचे दिवसही त्याच सुमारास येतात. हिशेबाच्या त्या दिवशी उचलीचे आकडे वाचून झाल्यावर घरधन्याने वही मिटावी, आणि जाणाऱ्या गड्याच्या ओट्यात काय घालावयाचे ते घरातल्या मुलांदेखत घालावे.