दुसऱ्याची रचना

डिसेंबर १९३२ मध्ये विनोबा भावे वर्ध्याजवळच्या नालवाडीला राहायला आले. सूत कातून जी मजुरी मिळेल तिच्यावरच पोट भरायचं, हा प्रयोग त्यांनी इथं केला. त्याच वर्षी त्यांची ‘गीताई’ प्रसिद्ध झाली होती. तिच्यातला विचार त्यांचा नाही, क्रमही त्यांचा नाही. समोर गीतेचा संस्कृत श्लोक आणि त्याच्याशी इमान राखणारं मराठी. तरीही गीताईला नुसतं ‘भाषांतर’ म्हणायला मराठी माणसाची जीभ रेटत नाही. ज्ञानेश्वरीच्या घरात वाढलेल्यांना माहीत आहे, की दुसऱ्याच्या ग्रंथापुढं हात जोडून बसलेला माणूसही कवी असू शकतो.

युरोपच्या अभिजात संगीतात मात्र रचनाकार वर आणि वाजवणारा खाली, ही उतरंड एकोणिसाव्या शतकात पक्की झाली. फ्रेडरिक लॅमंड या स्कॉटिश संगीतकाराचं चरित्र तिथंच अडखळतं.

लॅमंड यांचा जन्म १८६८चा, ग्लासगोचा. जर्मनीत जाऊन ते हान्स फॉन ब्युलो यांच्याकडे शिकले आणि १८८५ मध्ये वृद्ध फ्रान्झ लिस्टचे शिष्य झाले. लिस्ट चेर्नीचा शिष्य, चेर्नी बीथोव्हनचा. आपल्याकडे याला घराणं म्हटलं असतं आणि लॅमंड यांनी त्याचं नाव कान पकडून सांगितलं असतं. ब्राह्म्सशीही त्यांची ओळख होती. एकविसाव्या वर्षी त्यांची ए मेजरमधली सिंफनी ग्लासगोत वाजली. १८८९ सालची ही सिंफनी उत्तर-रोमँटिक वळणाची, ब्राह्म्सची छाया अंगावर बाळगणारी. पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांच्यासाठी एक त्रिकूट, स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखावरची एक ओव्हर्चर, पियानोच्या काही रचना, आणि मग लेखणी जवळजवळ थांबलीच. पुढचं आयुष्य गेलं ते मुख्यतः बीथोव्हन वाजवण्यात. ‘एम्परर’ कॉन्चेर्टोचं पहिलं संपूर्ण ध्वनिमुद्रण १९२२ मध्ये झालं, तेव्हा पियानोवर लॅमंडच होते.

कोशकार अशा माणसाची नोंद ‘पियानोवादक आणि संगीतकार’ अशी करतात. दुसरा शब्द जरा दबक्या आवाजात.

त्यांच्या वादनाचा एक धागा वर्ध्यापर्यंत येतो. ब्रिटिश नौदलातल्या बड्या अधिकाऱ्याची मुलगी मॅडलिन स्लेड हिला बीथोव्हन पहिल्यांदा भेटला तो यांत्रिक पियानोवर. या यंत्रात भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी फिरते, पायानं भाते दाबत राहायचं आणि भोकांबरहुकूम सुरावट उमटते. पाय थांबला की सूर थांबला. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन संगीताबद्दल इंग्लंडमध्ये अढी होती. त्या काळात तिनं लॅमंड यांच्या बीथोव्हन-मैफली भरवल्या, त्यांची व्यवस्था पाहिली. बीथोव्हनच्याच ओढीनं ती फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांच्यापर्यंत पोचली. रोलाँ यांनी तिच्या कानावर घातलं एक वेगळंच नाव: गांधी. नोव्हेंबर १९२५ मध्ये ती साबरमतीला आली आणि मीराबेन झाली.

डिसेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजी स्वित्झर्लंडमध्ये रोलाँ यांच्या गावी थांबले. गांधीजींच्या आग्रहावरून रोलाँ यांनी पियानोवर बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीतला संथ भाग वाजवला. मीराबेन तेव्हा गांधीजींबरोबर होत्या. ज्या संगीतानं त्यांना या माणसापर्यंत आणलं, ते आता त्याच माणसासाठी वाजत होतं.

पुढं त्या वर्ध्याजवळच्या सिंदी गावात ग्रामसफाईच्या कामाला लागल्या, तिथून शेगावात गेल्या. त्याच शेगावाचं सेवाग्राम झालं. आज ‘बापू कुटी’ म्हणून लोक जी बघतात ती झोपडी मुळात त्यांनी स्वतःसाठी उभारलेली. तिच्या भिंतीवर मातीतच उठावात काढलेली ताडाची झाडं आणि चरखा आहे. पियानोची पट्टी ओळखणारी बोटं इथं माती लिंपत होती.

यात ‘त्याग’ हा शब्द वापरण्याची घाई होते. लॅमंड यांनी रचना सोडली, मीराबेननी संगीत सोडलं, विनोबांनी कातण्याबाहेरची मिळकत सोडली. सोडण्याची यादी सहज होते. पण सोडण्याला आपण भलतंच माप देतो. लॅमंड यांनी सिंफनी लिहिणं थांबवलं ते मोठेपणानं की आतला झरा आटला म्हणून, हे बाहेरून ठरत नाही. थांबलेला प्रत्येक जण संत नसतो. ठरवता येतं ते एवढंच, की थांबल्यानंतर हातून काय झालं. गीताई घरोघर म्हटली गेली. लॅमंड यांच्या बोटांतला बीथोव्हन एका मुलीला समुद्रापार घेऊन आला. ‘स्वतःचं काय लिहिलं?’ या एकाच प्रश्नानं दोघांना तोलायला गेलं तर तराजूच खोटा ठरतो.

मीराबेन मात्र बीथोव्हनला कायमच्या मुकल्या नाहीत. १९५९ मध्ये त्यांनी भारत सोडला, ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ घर केलं आणि उरलेली वर्षं बीथोव्हनच्या चिंतनात घालवली. १९८२ मध्ये तिथंच त्या वारल्या.

लॅमंड गेले २१ फेब्रुवारी १९४८ रोजी, गांधीजींच्या हत्येनंतर बावीस दिवसांनी. त्यांची ती सिंफनी एकविसाव्या शतकात बीबीसी स्कॉटिश सिंफनी ऑर्केस्ट्रानं ध्वनिमुद्रित केली आहे. नालवाडीतूनही आता ती मोबाईलवर ऐकता येते.