न गेलेल्या मेसेजची जबाबदारी

सोलापुरातल्या एखाद्या पतसंस्थेचं उदाहरण घ्या. पिग्मी जमा झाली, कर्जाचा हप्ता कापला गेला, ठेवीची मुदत संपत आली की सभासदाच्या मोबाइलवर दोन ओळींचा मेसेज जातो. शहराच्या पूर्व भागातल्या, तेलुगू बोलणाऱ्या विडी कामगार बाईच्या साध्या, बटणांच्या फोनवरही तो पोचतो. एजंटाच्या हाती दिलेले पैसे खात्यात पडले, याची त्याच दिवशी मिळणारी खात्री म्हणजे हा मेसेज.

आता समजा, एका सकाळपासून हे मेसेज जायचे थांबले. संस्थेत कोणाला पत्ता नाही, कारण संगणकावर ‘पाठवला’ हीच नोंद दिसते आहे.

हे घडतं ते असं. पतसंस्थेचं सॉफ्टवेअर स्वतः मेसेज पाठवत नाही. ते मेसेज पाठवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला विनंती करतं आणि ओळख म्हणून सोबत अक्षरं-आकड्यांची एक लांब माळ जोडतं. तिला एपीआय की म्हणतात. तिची मुदत संपली की सर्व्हर साधारणपणे 401 हा आकडा परत पाठवतो. म्हणजे ओळख पटली नाही. काही सर्व्हर तर ‘विनंती मिळाली’ असा 200 हा आकडा देतात आणि नकार आतल्या मजकुरात ठेवतात. ज्याने प्रोग्राम लिहिला त्याने विनंती सुटली एवढंच पाहिलं आणि उत्तर वाचायची सोयच केली नाही, तर नकारही यशाच्या रकान्यात जाऊन बसतो.

दोष मुदतीचा नाही. की प्रोग्राममध्येच लिहून ठेवली आणि तो प्रोग्राम चुकून इंटरनेटवर सर्वांना दिसेल असा ठेवला गेला, तर कोणीही संस्थेच्या नावाने मेसेज पाठवू शकतो. चोरीला गेलेली की कधीतरी निकामी व्हावी, म्हणूनच मुदत असते. प्रश्न आहे तो मुदत कोणाला ठाऊक होती याचा. अनेक कंपन्या आधी सूचना पाठवतात. ती जाते ज्याने खातं उघडलं त्याच्या ईमेलवर, आणि तो मुलगा एव्हाना हिंजवडीत नोकरीला लागलेला असतो.

मोठ्यांचंही असंच होतं. 6 डिसेंबर 2018 रोजी ब्रिटनमधल्या ओटू कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांचं मोबाइल इंटरनेट बंद पडलं, लंडनच्या बसथांब्यांवरचे वेळ दाखवणारे फलक अडले, जपानमध्ये सॉफ्टबँकेची सेवाही काही तास कोलमडली. कारण निघालं एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधलं मुदत संपलेलं एक डिजिटल प्रमाणपत्र. ज्या दिवशी ते तयार झालं, त्याच दिवशी त्याची शेवटची तारीख त्यात लिहिलेली होती!

भारतात मेसेजच्या वाटेवर आणखी एक चौकी आहे. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायच्या 2018 च्या नियमांनुसार पाठवणाऱ्याचं नाव आणि मेसेजचा साचा डीएलटी या व्यवस्थेत आधी नोंदवावा लागतो. 8 मार्च 2021 रोजी ही तपासणी कडकपणे सुरू झाली आणि देशभर बँकांचे ओटीपी अडकले. साठीपुढच्या नागरिकांचं कोविड लसीकरण सुरू होऊन तेव्हा आठवडाच झाला होता; कोविन या लसनोंदणीच्या व्यवस्थेचे ओटीपीही रखडले. ट्रायने दुसऱ्याच दिवशी तपासणी सात दिवसांसाठी थांबवली.

म्हणून दुरुस्तीला बसणाऱ्याने आधी अडथळा कुठे आहे ते ओळखावं. की संपली असेल तर सर्व्हर दारातूनच परत पाठवतो. साचा जुळला नसेल तर अनेकदा सर्व्हर मेसेज स्वीकारतो आणि पुढे तो गळतो; ते कळतं पोच-अहवालात. घाईघाईत नवी की टाकताना मेसेजचे शब्दही ‘जरा सुधारले’, तर एका बिघाडाचे दोन होतात. की बदलण्याची बरी रीत अशी: जुनी चालू असतानाच नवी घ्यायची, नवीवर मेसेज पोचल्याची खात्री करायची, मगच जुनी रद्द करायची. नवी की प्रोग्रामच्या बाहेर ठेवायची. खातं संस्थेच्या ईमेलवर हवं, आणि ठेवींच्या मुदतींइतक्याच काटेकोरपणे कीच्या मुदतीचीही नोंद हवी. रोज सकाळी एक मेसेज व्यवस्थापकाच्या स्वतःच्या फोनवर यावा. तो आला नाही तर दहा मिनिटांत कळतं.

सर्वांत नाजूक भाग मात्र की बदलल्यानंतरचा. तुंबलेले मेसेज एकदम पाठवून देणं ही मोठी चूक. आठवड्यापूर्वीचा ‘उद्या हप्ता भरा’ आज पोचला, तर ज्याने हप्ता कधीच भरला आहे तो कामाचा खाडा करून संस्थेत धावत येतो. ओटीपी तर टाकूनच द्यावेत. जमा-नावेचे मेसेज व्यवहाराची तारीख घालून पाठवावेत, पण ती तारीख नोंदवलेल्या साच्यात बसते का, हे आधी पाहावं.

आणि लोकांना सांगावं. तांत्रिक दुरुस्तीच्या यादीत हे काम सहसा नसतंच. मेसेज आला नाही म्हणजे पैसे जमा झाले नाहीत, अशी शंका धरून एखादी बाई आठवडाभर एजंटाशी भांडत असेल. भांडायचं धाडस नसेल तर गप्प राहून पिग्मी बंद करत असेल. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मेसेज गेले नाहीत, पासबुक भरून घ्या, अशी सूचना संस्थेच्या फलकावर लागायला हवी. पूर्व भागात एजंटाने दारोदार जाऊन ती तेलुगूतही सांगावी.