खेळांतील न्याय

तुळजाभवानीचा गोंधळ आणि गांवोगांवचीं कीर्तनें ऐकत वाढलेल्या धाराशिवकरांस ‘कर्ण थोर कीं अर्जुन’ हा वाद नवा नाहीं. आतां आमच्या घरांतील तरुण तितक्याच आवेशानें ‘द विचर ३’ या २०१५ सालच्या पोलिश संगणक-खेळांतील पात्रांविषयीं भांडतात. त्यांतील एक सरदार दारूच्या नशेंत पत्नीस मारी. ती घर सोडून गेली. पुढें टेकडीखालीं कोंडलेल्या पिशाच्चास सोडावें, तर अनाथ मुलें वांचतात, पण ती स्त्री मरते व सरदार गळफास घेतो. पिशाच्चास मारावें, तर ती भ्रमिष्ट होऊन कां होईना जगते, मुलें मात्र जातात. निवड खेळणाराची.

कर्णाचा न्याय करतांना आपण श्रोते असतों; येथें हात आपलाच असतो. तरी अजाणतां केलेल्या निवडीचा दोष खेळणारास लावणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. आमची चिंता निराळी आहे. आम्हीं ऐकलेल्या वादांत कणव वळते ती सरदाराकडे. कारण त्याचें दुःख त्याच्याच तोंडून सविस्तर ऐकलेलें असतें. पत्नीस बोलावयास अवसर फारच थोडा. ‘तो पस्तावला’ म्हणतांना तिच्या अंगावरचे वळ कोणास आठवत नाहींत.

पात्रें खोटीं, खेळहि खोटा. पण न्याय करण्याची संवय खरीच जडते. ज्याची कहाणी लांब, त्यास क्षमा लवकर, ही रीत खेळापुरती असती तर आम्हीं लेखणी उचलली नसती. ती आमच्या माजघरांतहि चालत आली आहे. तरुणांनीं खुशाल भांडावें. मात्र निवाडा देण्यापूर्वीं, जी बोलली नाहीं तिची बाजू आधीं मांडावी.