सवलत कुणाला, कजा कुणावर?

लहान मुलांना वाळूच्या हौदात खेळायला सोडतात ते एवढ्याचसाठी, की पडले तरी लागू नये आणि वाळू अंगणभर पसरू नये. या हौदाचे इंग्रजी नाव ‘सँडबॉक्स’. ते हल्ली कायद्याच्या भाषेत येऊन बसले आहे. नवे तंत्रज्ञान तपासून पाहणाऱ्या कंपनीला सरकार काही काळापुरते काही नियमांतून मोकळे करते, तिच्यावर नजर ठेवते, आणि मुदत संपली की ते नियम पुन्हा लागू होतात. ब्रिटनच्या वित्त नियामकाने २०१६ मध्ये असा हौद उघडला. आपल्या रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये त्याची चौकट जाहीर केली. आता पाळी कृत्रिम बुद्धिमत्तेची आहे. अमेरिकेतील युटा राज्याने २०२४ च्या कायद्याने अशा कंपन्यांशी सवलतीचे करार करण्याची सोय केली. मुदत बारा महिने, फार तर आणखी बारा. युरोपीय संघाच्या त्याच वर्षीच्या कायद्याने प्रत्येक सदस्य देशाला असा एक तरी हौद उभारायला सांगितले.

कायद्यातून कुणाला सूट देणे न्यायाचे केव्हा ठरते, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो.

सूट मुळीच नको, असे आम्ही म्हणणार नाही. आम्हा शिक्षकांना ते शोभणारही नाही. बी.एड. झालेल्या प्रत्येकाने सराव पाठ दिलेले आहेत. म्हणजे ज्याला अजून शिकवता येत नाही, त्याला खऱ्या वर्गावर सोडले. त्या मुलांना कुणी विचारले नव्हते. तरी ही पद्धत आम्हाला अन्यायाची वाटत नाही, कारण पाठ टाचण आधी तपासलेले असते, मागच्या बाकावर निरीक्षक बसलेले असतात, आणि घटक कच्चा राहिला तर विषयशिक्षक तो पुन्हा घेतात. (आमच्या वेळचे निरीक्षक शेरा लिहिण्यात इतके गुंतत की वर्गाकडे पाहायचे राहून जाई, ती गोष्ट वेगळी.) शिवाय नियमांचा जाच मोठ्या कंपन्यांना फारसा होत नाही, त्यांच्याकडे वकिलांची फौज असते. उर्दू माध्यमाच्या मुलांना धडा वाचून दाखवणारे एखादे साधन दोन-चार तरुणांनी तयार केले, तर परवाने गोळा करता करताच त्यांचा दम निघेल.

आपल्याकडे सवलतीचा विचार नवा नाही. फिकहमध्ये मूळ हुकमाला ‘अजीमत’ आणि अडचणीमुळे मिळालेल्या मोकळिकीला ‘रुखसत’ म्हणतात. आजाऱ्याला आणि मुसाफिराला रमजानचे रोजे सोडता येतात. ही रुखसत ज्याला त्रास आहे त्याच्यासाठी असते, आणि त्रास असेल तेवढ्यापुरतीच. रोजा माफ होत नाही, पुढे ढकलला जातो. बरे वाटल्यावर, घरी परतल्यावर कजा रोजा त्यानेच ठेवायचा. मुसाफिराचा कजा रोजा त्याच्या शेजाऱ्याने ठेवावा, असे कुणी सांगितलेले नाही. कंपनीच्या सवलतीलाही हीच कसोटी लावावी, असे आम्हाला वाटते.

ॲरिझोनात काय झाले ते यासाठी नीट पाहिले पाहिजे. तिथले गव्हर्नर डग ड्यूसी यांनी २०१५ मध्ये आदेश काढून स्वयंचलित मोटारींच्या चाचण्यांना दार उघडले. डिसेंबर २०१६ मध्ये शेजारच्या कॅलिफोर्नियाने उबरच्या चाचणीच्या गाड्यांची नोंदणी रद्द केली, तेव्हा ड्यूसींनी कंपनीचे जाहीर स्वागत केले. १८ मार्च २०१८ च्या रात्री टेंपी शहरात एक बाई हातात सायकल धरून रस्ता ओलांडत होती. उबरच्या चाचणीच्या गाडीने तिला उडवले आणि त्यात तिचा जीव गेला. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत दिसले की गाडीच्या यंत्रणेने तिला धडकेच्या ५.६ सेकंद आधी टिपले होते. पण हे काय आहे, ते तिला ठरवता येईना. कधी वाहन, कधी सायकल, कधी आणखी काही. पादचारी ठरलेल्या जागा सोडूनही रस्ता ओलांडतात, हे यंत्रणा बनवताना धरलेच नव्हते. (आमच्या एस.टी. स्टँडसमोर ती गाडी तासभरही चालवता आली नसती.) गाडीने उगाच झटके देऊ नयेत म्हणून, संगणक ती चालवत असताना तातडीचा ब्रेक बंद ठेवलेला होता. पूर्वी गाडीत दोन माणसे असत, कंपनीने त्यांचे एक केले होते. आणि त्या रात्री त्या एका चालकाचे लक्ष मोबाईलकडे होते. मंडळाने कंपनीबरोबर राज्याच्या अपुऱ्या देखरेखीलाही दोष दिला.

मग कजा कुणावर आली? २०१९ मध्ये सरकारी वकिलांनी सांगितले की कंपनीवर फौजदारी जबाबदारी येत नाही. कंपनीने मृत बाईच्या घरच्यांशी तडजोड केली. चालकावर मात्र खटला भरला गेला, आणि २०२३ मध्ये गुन्हा कबूल केल्यावर तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. मोकळीक मिळाली कंपनीला. भोगले एका पगारी नोकराने आणि त्या चाचणीशी काही देणेघेणे नसलेल्या एका बाईने.

असे व्हायलाच पाहिजे असे नाही. रिझर्व्ह बँकेच्या चौकटीत ग्राहकाच्या माहितीच्या गुप्ततेला सूट नाही, जोखीम सांगून त्याची संमती घ्यावी लागते आणि चाचणीतून उद्भवणारी जबाबदारी चाचणी करणाऱ्यावरच राहते. युरोपच्या कायद्यात, सद्भावनेने सूचना पाळणाऱ्या कंपनीला प्रशासकीय दंड होत नाही. पण तिऱ्हाइताचे नुकसान झाले तर त्याचे उत्तरदायित्व सुटत नाही. हे रुखसतच्या पुष्कळ जवळ येते. अडते ते संमतीपाशी. बँकेच्या ग्राहकाला विचारता येते, रस्त्याने जाणाऱ्याला कसे विचारणार? जिथे विचारता येत नाही तिथे देखरेख दुप्पट हवी. ॲरिझोनात ती निम्मीही नव्हती.

युटाच्या पहिल्या करारांपैकी एक किशोरवयीन मुलांच्या मनःस्वास्थ्यासाठी बनवलेल्या ‘एलायझाचॅट’शी झाला. चौदा-पंधरा वर्षांचे मूल रात्री एकटे यंत्राशी बोलते तेव्हा मागच्या बाकावर कोण बसलेले असते, हे त्या मुलाच्या आईबापांना आणि शिक्षकांना ठाऊक असायला हवे. आणि मुदतीचेही पाहा. सप्टेंबर २०२५ मध्ये सिनेटर टेड क्रूझ यांनी अमेरिकेच्या सिनेटमध्ये मांडलेल्या विधेयकात दोन वर्षांची सूट आहे, पण नूतनीकरण करीत ती दहा वर्षांपर्यंत नेता येते. तेवढ्यात पहिलीत दाखल झालेले मूल दहावीची परीक्षा देऊन शाळेबाहेर पडते.