कपडे नव्हे, माती

मार्थाज व्हिनयार्ड हे मॅसॅच्युसेट्सचं एक बेट. त्याच्या पश्चिम टोकाला अक्विना गावात समुद्रावर मातीचे उंच कडे उभे आहेत: लाल, पांढरे, पिवळसर, मधूनच काळे. वाळूतून चालत कड्यांच्या पायथ्याशी गेलं की कपड्यांशिवाय पहुडलेली माणसं दिसायला लागतात. प्रोजेक्टसाठी बॉस्टनला असताना एका रविवारी मी तिथे गेलो आणि पहिली दहा मिनिटं फक्त समुद्राकडे बघत चाललो. अकराव्या मिनिटाला लक्षात आलं, आपल्याकडे कुणी बघतच नाहीये. अवघडलेला मी एकटाच, तोही पूर्ण कपड्यांत.

खरं तर मी सांगलीचा. आमच्याकडे दिगंबर मुनी रस्त्याने जाताना लोक वाकून नमस्कार करतात. म्हणजे अडचण उघड्या अंगाची नव्हतीच, माझ्या नजरेची होती.

पण तिथे मी वाचलेली पाटी वेगळंच सांगत होती: कड्यांवर चढू नका, माती नेऊ नका. एकेकाळी इथे लोक ही माती अंगाला फासून समुद्रात डुंबायचे. नग्नतेकडे काणाडोळा होत राहिला, मातीस्नानावर मात्र बंदी आली.

मला हे आधी एकदम पटलं. मिल १८५९ मध्ये म्हणून गेलाय की दुसऱ्याला इजा होत असेल तरच कुणाला अडवा. नागड्या माणसाने कुणाला इजा होत नाही. नको असेल तर मान वळवा. माती नेल्याने कडा झिजतो. एका मुठीने काही होत नाही, हे खरं. एका रिक्वेस्टनेही सर्व्हर पडत नाही, तरी आम्ही रेट लिमिट लावतोच.

मग गाडी अडली. समुद्र स्वतःच हा कडा इतका खातोय की २०१५ मध्ये वरचं दीपगृह सुमारे ४० मीटर मागे सरकवावं लागलं. त्यापुढे माझी मूठ ती काय? आणि वाम्पानोआग लोकांचा मुद्दा झिजेपुरता नाहीच. हे कडे त्यांना पवित्र आहेत. त्यांचा महाकाय पूर्वज मोशप कड्यांवर देवमासे आपटायचा, त्या रक्ताने माती लाल झाली, असं ते सांगतात. ती मौजेखातर अंगाला फासलेली बघून त्यांना दुखतं. आता त्यांनाही ‘मान वळवा’ म्हणू?

नाही म्हणवत. माझं अंग बघून नाक मुरडणाऱ्याचा माझ्या अंगावर हक्क नाही. या मातीवर वाम्पानोआगांचा आहे, गोरे येण्याच्या कितीतरी आधीपासूनचा. अमेरिकन सरकारने त्यांना जमात म्हणून मान्यता दिली १९८७ साली! पण मग पवित्र म्हटलं की वाद मिटतो का? आपल्याकडे या शब्दावर काय काय खपवलं जातं ते बघता मला हे उत्तरही पुरतं झेपत नाही. हक्क कुणाचा, हे आधी विचारायचं, एवढ्यावर मी सध्या थांबलोय.

परतीच्या फेरीबोटीत बघितलं तर बुटांच्या खाचांत लालसर चिखल अडकलेला. टिश्यूने पुसून काढला. तो टिश्यू कुठे टाकायचा, हे मात्र वुड्स होलचा धक्का येईपर्यंत ठरेना.